कानस लावण्याआधी

हिंगोली शहरात रिसाला, पलटन, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे अजून रोजच्या बोलण्यात आहेत. निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिन्जंटची इथे छावणी होती. १९०३ मध्ये ती फौज भारतीय लष्करात सामावून घेतली गेली. छावणी उठली, नावे तेवढी राहिली. सेनगाव तालुक्यातला साखरा याच जिल्ह्यातला, पण सोयाबीन-हळदीच्या या पट्ट्यात गावात हत्यार म्हटले की आठवते ती ठासणीची बंदूक, नाहीतर बारा बोअर. रानडुकरांनी पीक उधळू नये म्हणून घेतलेली. पिस्तूल विरळाच. ते आले ते जुन्या वतनदारांच्या, वकिलांच्या किंवा कंत्राटदारांच्या घरी, आणि पुढे वारशाने मुला-नातवाकडे गेले.

समजा, साखऱ्यातल्या एखाद्या नातवाच्या परवान्यावर आजोबांचे .३२ बोअरचे वेब्ली स्कॉट चढले आहे. निळा रंग उडालेला, मुठीला तडा, चाप जड. बघणारा प्रत्येक जण सांगतो की याला जरा नवे करून घे. हा सल्ला ऐकावा की नाही, हे ठरवण्याआधी हे यंत्र नीट पाहायला हवे.

बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे हे स्वयंचलित पिस्तूल विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. आराखडा विल्यम व्हायटिंग यांचा. लंडनच्या महानगर पोलिसांनी ते १९११ मध्ये स्वीकारले, म्हणून जाणकार त्याला पोलिसी पिस्तूलच म्हणतात. नळी साडेतीन इंच, मॅगझीनमध्ये आठ काडतुसे, वजन अर्ध्या किलोच्या थोडे वर, घोडा बाहेर दिसणारा. दिसायला चौकोनी आणि जरा बोजड. अमेरिकन कोल्टचा देखणेपणा त्याला नाही. काडतूस मात्र दोघांचे एकच, जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास तयार केलेले ७.६५ मिलिमीटरचे. इथे एक घोळ नेहमी होतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्वर वेगळे, जास्त लांबीचे काडतूस खाते. परवान्यावर दोन्हींपुढे .३२ च लिहिलेले असते, म्हणून दुकानात डबी घेताना हत्यार पिस्तूल आहे की रिव्हॉल्वर, हे स्पष्ट सांगावे लागते.

या पिस्तुलाची खरी गंमत मुठीत आहे. बहुतेक पिस्तुलांत मागे गेलेली स्लाइड पुढे आणणारी स्प्रिंग नळीच्या खाली किंवा भोवती असते. वेब्लीत ती चिमट्यासारखी दुमडलेली पोलादी पट्टी आहे आणि उजव्या बाजूच्या मुठीच्या फळीखाली बसते. त्यामुळे मूठ बदलणे हे वाटते तितके वरवरचे काम नाही. मूळ फळ्या कडक रबराच्या. शंभर वर्षांत त्या ठिसूळ होतात आणि स्क्रू जरा जास्त आवळला की तडकतात. शिसवी किंवा अक्रोडाची नवी फळी करून घेता येते. पण आतून तिची खोबण चुकली तर स्प्रिंग घासते, स्लाइड अर्ध्यात अडकते आणि शोभेसाठी केलेला खर्च थेट यंत्राच्या मुळावर येतो. तरीही मूठ बदलायला माझी हरकत नाही, कारण जुन्या फळ्या जपून ठेवल्या तर पुन्हा लावता येतात. स्प्रिंगांचेही तसेच. इतकी वर्षे दाबलेली मॅगझीनची स्प्रिंग मरगळलेलीच असणार. ती बदलणे म्हणजे दुरुस्ती. त्यात हौसेचा प्रश्नच येत नाही.

खरी भीती पॉलिशची आहे. जुन्या पोलादावर नवा निळा चढवायचा तर आधी गंजाचे खड्डे घासून काढावे लागतात. बफचे चाक फिरले की कडा गोल होतात, स्लाइडवरची अक्षरे पुसट होतात, नळीवरचे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे शिक्के जातात. प्रत्येक नळीतून जादा दाबाचे काडतूस उडवून ती टिकली तरच तो शिक्का बसत असे. आणि कधीकधी नंबरही जातो. शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम ८ याबाबत कडक आहे. हत्यारावरचा ओळख क्रमांक खोडलेला सापडला, तर ते हत्यार ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच तो खोडला असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे त्यालाच सिद्ध करावे लागते. परवान्यावर नंबर आहे आणि पोलादावर नाही, अशा हत्याराचा मालक पोलिसांपुढे काय सांगणार? चकाकीसाठी एवढा धोका पत्करावा, असे मला कोणत्याही पिस्तुलाच्या बाबतीत वाटत नाही.

दुरुस्ती कोणाकडून करायची, हाही कायद्याचाच प्रश्न. शस्त्राची दुरुस्ती, बदल, चाचणी यांसाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. सेनगावचा किंवा हिंगोलीचा लेथवाला ट्रॅक्टरची पिन हुबेहूब घडवत असेल, पण पिस्तुलाची फायरिंग पिन त्याच्याकडून करून घेतली तर दोघेही अडचणीत येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ च्या भंगाला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. नळी आखूड करणे किंवा हत्याराचा वर्ग बदलणे कलम ६ खाली येते आणि त्यालाही शिक्षा तीच. सुटी नळीसुद्धा कायद्याच्या नजरेत शस्त्रच, म्हणजे ‘नुसता पार्ट मागवला’ ही सबब चालत नाही. बोअर बदलण्याचा विचार तर मनातही आणू नये. लष्करी ९ मिलिमीटर, .३८०, .४५५ ही काडतुसे ज्यात बसतील ती हत्यारे निषिद्ध वर्गात मोडतात. आपल्याकडे .३१५ ची रायफल निघाली तीही याच हिशेबाने, लष्कराचे .३०३ काडतूस तिच्यात बसू नये म्हणून.

कायदा बाजूला ठेवला तरी अनुभव वेगळे सांगत नाही. पहिल्या महायुद्धातली .४५५ ची वेब्ली रिव्हॉल्वरे पुढे हजारोंनी अमेरिकेत विकली गेली. ते काडतूस तिथे सहज मिळेना, म्हणून दुकानदारांनी सिलिंडरची मागची बाजू तासून त्यात .४५ चे अमेरिकन काडतूस बसेल अशी सोय केली. त्या काडतुसाचा दाब या रिव्हॉल्वरच्या प्रूफच्या दाबाजवळ जातो. काही सिलिंडर फुटले. उरलेल्यांची किंमत गेली. आज संग्राहक न तासलेले वेब्ली शोधत फिरतात.

भारतात किमतीचा मुद्दा आणखी टोकदार आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी पिस्तूल आयात करणे जवळजवळ बंद आहे; सवलत प्रामुख्याने नामांकित नेमबाजांना. त्यामुळे देशात आधीच असलेली वेब्ली, कोल्ट, वाल्थर तेवढीच फिरत राहतात आणि परवानाधारक ती लाखांत विकत घेतात. विकणाऱ्याला भाव मिळतो तो मूळ अवस्थेचा. नव्या क्रोमने झळाळणारे पिस्तूल अनुभवी गिऱ्हाईक हातात घेते, खड्डे बुजवल्याच्या खुणा शोधते आणि परत ठेवते.

बदल करून घेणे जिथे खरोखर योग्य आहे ते क्षेत्र वेगळे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले. नेमबाजीत असे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या खेळात लाकडी मूठ नेमबाजाच्या तळव्यासाठी घासून, लुगदी भरून घडवली जाते. चापाचे वजनही बदलता येते, पण नियमाने ते एक किलोच्या खाली आणता येत नाही. ते पिस्तूल घडतानाच बदलांसाठी घडलेले असते. आजोबांच्या वेब्लीचा चाप हलका केला तर ते स्पर्धेत उतरणार नाही; फक्त हातातून पडल्यावर सुटण्याची शक्यता वाढेल.

शेजारच्या नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांची शस्त्रे आहेत. दिवाळीच्या आधी तख्तस्नानाच्या वेळी ती स्वच्छ केली जातात. दरवर्षी सफाई होते. नवा साज कोणी चढवत नाही. खंडेनवमीला आपणही हेच करतो, फक्त हळदकुंकवाचे बोट पोलादावर फार वेळ राहू देऊ नये.

साखऱ्यातल्या नातवाला मी सांगेन ते असे. आधी परवाना असलेल्या कारागिराकडून नळी तपासून घे. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधून नळीत क्षार उरत, ते पावसाळी हवेत ओल धरत आणि आतून खड्डे पडत. ते क्षार तेलाने जात नाहीत, गरम पाण्याने जातात. मग नळी कोरडी करून तेलाचा पातळ हात. स्प्रिंगा बदल, पावती जप, जुने भाग पाकिटात नाव घालून ठेव. निवडणुकीत पिस्तूल ठाण्यात जमा करायची वेळ आली तर आधी तेल लाव, कारण तिथे ते कापडात गुंडाळून पडून राहील. २०१९ पासून वारशाची धरूनही दोनच हत्यारे ठेवता येतात, तेव्हा शेत राखणारी बारा बोअर हवी की हे पिस्तूल, हाही हिशेब घरात बसून करून टाक. नळी आतून पार गेलेली असेल तर दुसरी बसवण्याच्या नादी लागू नकोस. ते पिस्तूल झाडायचे थांबव आणि नूतनीकरणाच्या वेळी हिंगोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात पुढे काय करता येईल ते लेखी विचार.