श्वानाचे चिलखत

निपाणीहून बेळगावकडे निघालेला रस्ता जेथे तवंदी घाट चढू लागतो, तेथे पिके निघून मोकळ्या झालेल्या रानांत खतासाठी मेंढरे बसवणाऱ्या धनगरांचे तळ पडतात. गेल्या वर्षीच्या कार्तिकात अशाच एका तळावर, रात्रभर मेंढरांच्या जाळीच्या वाघरीभोवती जागलेल्या कुत्र्याला धनगरमामांनी सकाळी जवळ घेतले, त्याच्या मानेचा लोखंडी काट्यांचा पट्टा सोडला, आणि कातडी कोठे सोलवटली तर नाही ना, हे केसांत बोटे फिरवून पाहिले. मग पट्टा उलटा करून आतून शिवलेली घोंगडीची पट्टी त्यांनी उन्हाकडे धरली. परदेशांत डुक्करशिकारीच्या कुत्र्यांना घालतात तशी केव्हलरची जाकिटे आपल्या मुलखातील शिकारी कुत्र्यांनाही घालावीत काय, हा प्रश्न श्वानप्रेमी स्नेही मला वारंवार करीत आले आहेत. त्याचे उत्तर शोधण्याची दिशा मला त्या पट्टीने दाखवली.

श्वानाला कवच घालण्याची कल्पना नवी नव्हे. युरोपातील उमराव रानडुकरांवर सोडावयाच्या मौल्यवान कुत्र्यांना अस्तर भरलेले जाड अंगरखे चढवीत. त्याहून पुरातन आहे तो मानेचा पट्टा. इसवी सनापूर्वी 37 च्या सुमारास रोमन पंडित व्हॅरो याने शेतीवरील आपल्या ग्रंथात ‘मेलियम’ नावाच्या, खिळे ठोकलेल्या चामडी पट्ट्याचे वर्णन केले आहे. लोखंडाच्या कठीणपणाने मानेला इजा होऊ नये म्हणून आतून मऊ कातडे शिवावे, असे तो सांगतो. आणि एका कुत्र्याच्या पट्ट्याने लांडगा एकदा जखमी झाला की पट्टा नसलेली इतर कुत्रीही निर्धास्त होतात, असेही तो नमूद करतो.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी आस्थेने जोपासलेली, आणि ज्यांची जोडी त्यांनी बादशहा पाचव्या जॉर्जला नजर केली ती, मुधोळची कुत्री आज तिम्मापूरच्या श्वान संशोधन केंद्रात सरकारी देखरेखीखाली वाढतात. 2016 मध्ये भारतीय सैन्यानेही त्यांची पिल्ले मीरतला प्रशिक्षणासाठी नेली. हा सारा लौकिक ज्या शरीराने मिळवला, ते लांब पायांचे, खोल छातीचे, पोट आत ओढलेले आणि आखूड केसांचे शरीर नजरेने सावज हेरून वाऱ्याच्या वेगाने धावण्यासाठीच घडलेले आहे. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. देहातील उष्मा तो बहुतांशी धापा टाकून बाहेर सोडतो. त्याचे स्वाभाविक तापमान सुमारे 38 ते 39 अंश सेल्सिअस, आणि 41 अंशांपुढे प्राणांवर बेतते. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकणाऱ्या या मुलखात अशा देहावर जाड जाकीट आवळून त्याला दौडवणे म्हणजे सुळ्यापासून वाचवून उष्माघाताच्या स्वाधीन करणे होय.

शिवाय जखम कोठे होते, याचाही विचार केला पाहिजे. रानडुक्कर खालून वर सुळा मारते, त्यामुळे कुत्र्याचे पोट आणि छाती फाटते. जाकिटाचा खरा उपयोग तेथेच. परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्याला हाकणे, त्याचा पाठलाग करणे, इतकेच नव्हे तर तसा नुसता प्रयत्न करणेही शिकारीच्या व्याख्येत घातले आहे. रानडुकरांमुळे उसाची नासाडी होते हे खरे, आणि शेतकऱ्याचे दुःख मी हलके लेखीत नाही. तरीही कुत्रे डुकरावर सोडण्याची मुभा त्याला त्यामुळे मिळत नाही. जो धोका कुत्र्यावर आणण्याचा आपल्याला अधिकारच नाही, त्याच्यासाठी चिलखताची तजवीज काय करावयाची?

राखणीच्या कुत्र्याची गोष्ट निराळी. तो संकट शोधीत जात नाही, संकटच त्याच्याकडे चालून येते. 5 ऑगस्ट 2022 रोजी बेळगाव शहराच्या जाधवनगरात बिबट्याने एका मजुराला जखमी केले, आणि पुढे गोल्फ मैदानाच्या झाडीत त्याचा माग काढण्यासाठी सक्रेबैलूच्या छावणीतून हत्ती आणावे लागले. मग उघड्या रानातल्या तळाचा बंदोबस्त किती नाजूक असेल! बिबट्या आणि लांडगा, दोघेही मानेचा वेध घेतात. पुणे जिल्ह्यातील पिंपरखेडच्या ग्रामस्थांनी तर 2025 मध्ये कुत्र्यांचे हे काटेरी पट्टे स्वतःच्या गळ्यांत घातले. या साध्या साधनावर माणसांचा किती भरवसा आहे, हे त्यावरून कळावे.

म्हणून माझा अभिप्राय असा: धावणाऱ्या कुत्र्याला जाकीट नको, राखणीच्या कुत्र्याला रुंद, मऊ अस्तराचा काटेरी पट्टा अवश्य असावा, तो रात्री चढवावा आणि सकाळी उतरवावा, आणि कोणत्याही पट्ट्याला न अडणाऱ्या रेबीजविरुद्ध दरवर्षी लस टोचून घ्यावी. व्हॅरोचे मऊ कातडे आणि धनगरमामांची घोंगडीची पट्टी यांच्यामध्ये दोन हजार वर्षे उभी आहेत. परंतु लांडग्यासाठी लोखंड घडवताना कुत्र्याच्या मानेची आठवण दोघांनीही ठेवली. ती आठवण ज्याला राहील, त्यानेच कुत्र्याच्या अंगावर काही चढवावे.