धोबी घाटावर उतरलेली आजी

दोस्तांनो, सिंगापुरात धोबी घाट आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल, तर आमच्या आजीला विचारा. ती तिथे उतरून आली आहे. तीही आम्हा सगळ्यांना गाडीत सोडून!

ही गंमत २०२४ च्या मे महिन्यातली. तेव्हा मात्र ती मुळीच गंमत वाटली नव्हती. पुण्याहून आम्ही सहा दिवसांसाठी सिंगापूरला निघालो होतो. चिऊचे बाबा, मी, सातवीत गेलेला दादा, दीड वर्षाची चिऊ आणि एकाहत्तर वर्षांची आजी. आजी आधी तयारच नव्हती. "माझे गुडघे हे असे, आणि या पोरीला अजून धड चालता येत नाही. श्रावणबाळासारखी कावड करणार आहात का? एका पारड्यात मी, एकात चिऊ?" पण दादाने हट्टच धरला, तेव्हा कुठे ती राजी झाली.

तयारी सुरू झाली. दीड वर्षाच्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो बरं का! आणि त्यातल्या फोटोत डोळे उघडे हवेत. चिऊ नेमकी फ्लॅश पडला की डोळे मिटायची. फोटोवाले काका घामाघूम झाले. इकडे आजीने डिंकाचे लाडू वळले, भरपूर खसखस घालून. दादा सिंगापूरचे नियम वाचत बसला होता, तो ओरडला, "आजी, तिथे खसखस न्यायला बंदी आहे!" अफूच्या बोंडातलं बी म्हणजेच खसखस, म्हणून तिथल्या कायद्याला ते चालत नाही. आजी म्हणाली, "माझ्या लाडवाला अफूच्या पंगतीत बसवलं होय!" मग बिनखसखशीचे वेगळे लाडू झाले.

मुंबईहून विमानाला साडेपाच तास लागतात. विमान खाली उतरताना आतल्या हवेचा दाब वाढत जातो आणि कानाला दडे बसतात. आवंढा गिळला की दडा सुटतो. पण हे तान्ह्याला कोण सांगणार? म्हणून उतरताना चिऊला दुधाची बाटली दिली. ती चुटुचुटु प्यायली आणि हसली. आजीने मात्र लिमलेटची गोळी चघळली. विमान कंपनीकडे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून तिला दोन्हीकडे चाकाची खुर्ची मिळाली. बसताना ती लाजली, पण पालकांनो, हे जरूर सांगून ठेवा. विमानतळावरचं चालणं गुडघेदुखीवाल्यांचा जीव काढतं.

सिंगापूर म्हणजे शहर आणि देश एकच. एवढुसं, की आपल्या पुणे जिल्ह्यात त्याच्यासारखी वीस मावतील! विषुववृत्त तिथून जेमतेम दीडशे किलोमीटर, त्यामुळे बाराही महिने घाम. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.

दादाच्या वहीत पाहायच्या ठिकाणांची यादी होती. एकूण तेवीस! पहिल्याच दिवशी संध्याकाळी मर्लायन पाहिला. धड माशाचं, डोकं सिंहाचं आणि तोंडातून पाण्याचा फवारा. आजीने हात जोडले. म्हणाली, "मत्स्य आणि नृसिंह, दोन अवतार एकातच उरकलेत."

तिथे जाताना आम्ही लिटल इंडिया स्टेशनातून निघालो आणि पुढच्याच स्टेशनावर गाडी बदलली. त्या स्टेशनाचं नाव धोबी घाट! आपलेच शब्द. एकोणिसाव्या शतकात तिथल्या ओढ्यावर हिंदुस्थानातून गेलेले धोबी कपडे धूत, त्यांच्यावरून पडलेलं नाव. आजीला भारी आनंद झाला. साऱ्या गावात तिला पाठ झालेलं हे एकच नाव.

आणि त्यानेच घात केला.

दुसऱ्या दिवशी आम्हाला चायनाटाउनला जायचं होतं. गाडी तीच, पण या वेळी धोबी घाटावर उतरायचं नव्हतं. ही गाडी ड्रायव्हरशिवाय चालते. त्यामुळे अगदी पुढच्या काचेतून बोगदा दिसतो. दादा तो पाहायला पुढे पळाला, बाबा त्याच्यामागे. मी मोबाइलवर नकाशा बघत होते. इतक्यात गाडीत पुकारा झाला : धोबी घाट. आजीने चिऊला कडेवर घेतलं आणि लगबगीने उतरली. मी मान वर केली तेव्हा दारं मिटत होती. काचेपलीकडे आजीचा पदर आणि चिऊचं लाल टोपडं. गाडी सुटली.

आजीकडे फोन नाही. इंग्रजी येत नाही. हॉटेलचं नावही ठाऊक नाही. माझ्या पायांतलं बळच गेलं. दादा परत आला आणि रिकामी जागा बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. आजीचा हात धरायचं काम त्याचं होतं ना!

पुढचं स्टेशन क्लार्क की. आम्ही उतरलो, उलट दिशेची गाडी पकडली. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं गेली असतील. मला तेवढ्यात काय काय दिसलं, ते सांगत नाही.

आणि आजी कुठे होती? जिथे उतरली तिथेच! फलाटावरच्या बाकावर बसलेली, चिऊ मांडीवर. शेजारी एक चिनी आजीबाई. आमच्या आजीने दोन बोटं दाखवली. चिनी आजीने चार दाखवली. नातवंडांची मोजदाद चालली होती! आजीने तिला लाडूही दिला होता. तिने तो पिशवीत ठेवला आणि हसत भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तिथे स्टेशनात खाल्लं-प्यायलं तर दंड होतो, पाचशे डॉलरपर्यंत.

"घाबरली नाहीस?" दादाने विचारलं. त्याचा आवाज कापत होता.

"घाबरले तर! पण जत्रेत चुकलं की जागा सोडायची नसते. आमचे आण्णा सांगायचे, हुडकणारा परत तिथंच येतो."

त्या दिवशी चायनाटाउनमधलं १८२७ साली स्थापन झालेलं मरिअम्मन देवीचं देऊळ पाहिलं. आजीला ती आपली मरीआईच वाटली. पण रात्री ती हळूच म्हणाली, "उद्यापासून मी आणि चिऊ खोलीतच थांबतो. तुम्ही हिंडा. आमच्यामुळे पोराची यादी अर्धी राहील."

कोणीच काही बोललं नाही. दादाने वही काढली. मला वाटलं, रुसला. तो पाठमोरा बसून बराच वेळ काहीतरी लिहीत होता. मग त्याने दोन चिठ्ठ्या दिल्या. दोन्हींवर हॉटेलचं नाव, पत्ता आणि आमचे फोन नंबर. एक आजीच्या बटव्यात, एक चिऊच्या खिशात. आणि यादीतल्या चौदा ओळींवर काट मारलेली! "सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी जमलं तर एक," तो म्हणाला.

मग आम्ही रमतगमत हिंडलो. सरकते जिने तिथे फार जोरात पळतात, म्हणून प्रत्येक स्टेशनात लिफ्ट शोधायची. चिऊची ढकलगाडी आणि आजीचे गुडघे, दोघांचा रस्ता एकच. बोटॅनिक गार्डनमध्ये अख्खी सकाळ गेली. ही बाग १८५९ सालची, पहाटे पाचला उघडते, आणि आत जायला पैसे लागत नाहीत. तिथे रानकोंबड्या मोकळ्या फिरतात. चिऊ त्यांच्यामागे, दादा चिऊच्यामागे. बागेतलं टेंबुसूचं झाड त्यांच्या पाच डॉलरच्या नोटेवर छापलंय. दादाने नोट धरून फांदीशी फांदी जुळवून पाहिली.

टेक्का सेंटरमध्ये आम्ही डोसे खाल्ले. अशा खाऊबाजारात टेबलावर कागदी रुमालांचं पुडकं ठेवलं की जागा धरली, असा तिथला रिवाज आहे. आजी खूश! "म्हणजे आपल्या एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकतो तसंच की!" तिने लगेच स्वतःचा रुमाल टाकला. खाऊन झाल्यावर ताट आपणच नेऊन ठेवायचं, नाही तर दंड. आजीला हा नियम इतका पटला, की पुण्याला आल्यापासून दादाच्या मागे लागली आहे.

यादीतली नऊ ठिकाणं झाली. सोसायटीतल्या बायका आजीला विचारायला जमल्या, "काय काय बघितलंत हो?"

"धोबी घाट," आजी म्हणाली. "दोनदा. पण एकही कपडा वाळत नव्हता."