पंधरा पत्त्यांचा हिशेब

22 ऑगस्ट 2025 रोजी पोळा होता. वाशिम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत बैलांच्या शिंगांना रंग लागत होता, ठेवणीतल्या झुली बाहेर निघत होत्या, आणि त्याच दिवशी दिल्लीत राष्ट्रपतींनी ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर सही केली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ या कायद्याने बंद केले. खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा भेदच त्यात ठेवलेला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. रमीबरोबर पोकरही त्यात गेले.

विदर्भात पोळा ते दिवाळी हा पत्त्यांचाही हंगाम. घरोघरी रमीचा डाव पडतो, कुठे तीन पत्ती बसते, आणि पैशांवर बसलेल्या डावांवर पोलिसांची धाड पडल्याच्या बातम्याही याच दिवसांत येतात. पोकर त्या मानाने परका. तो आला मोबाइलमधून, दहा-वीस रुपयांच्या छोट्या डावांची लालूच दाखवत. ज्यांनी त्यात पैसे घालवले, त्यांतल्या बहुतेकांना आपण नेमके कशासाठी पैसे मोजत होतो हे कोणी सांगितलेच नाही. ते सांगायला हवे. कारण पोकरच्या पोटात जे गणित आहे ते जुगाराहून मोठे आहे, आणि ते शिकायला एक रुपयाही लावावा लागत नाही. पत्त्यांचा एक जोड आणि वाटीभर चिंचोके पुरतात.

तीन पत्ती खेळणाऱ्याला पोकरची पहिली ठेच क्रमवारीत लागते. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने लागणारे पत्ते) कलरच्या (सगळे पत्ते एकाच चिन्हाचे) वर असतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. हा लहरीचा नियम नाही. 52 पत्त्यांतून तीन पत्त्यांचे एकूण 22,100 हात होतात. त्यांत नुसते कलर 1,096 आणि नुसते सिक्वेन्स 720. पाच पत्ते घेतले की पारडे फिरते: सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. जे दुर्मीळ ते वरचे, एवढेच.

खरा फरक मात्र वेगळा आहे. तीन पत्तीत हात वाटला तेव्हाच पुरा झालेला असतो. पुढे काही येणार नसते. नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडतात. आधी एकदम तीन, त्याला फ्लॉप म्हणतात. मग एक, तो टर्न. शेवटी एक, तो रिव्हर. प्रत्येक टप्प्यावर लावायचे, समोरच्याने लावले तेवढेच देऊन डावात राहायचे (याला कॉल म्हणतात), वाढवायचे किंवा पत्ते टाकून द्यायचे. हवे तर समोरचे सगळे एकाच वेळी लावता येते, म्हणून नो-लिमिट. अखेर सात पत्त्यांतून सर्वोत्तम पाच धरायचे. त्यामुळे फ्लॉपनंतर अनेकदा हात अर्धवट असतो, एखादा पत्ता येण्याची वाट पाहत. या अर्धवट हाताला ‘ड्रॉ’ म्हणतात. रमी खेळणाऱ्याला ही वाट पाहणे चांगले ठाऊक असते. दोन्ही बाजूंनी लागणारा सिक्वेन्स आणि मधलाच एक पत्ता हवा असलेला सिक्वेन्स यांतला फरक त्याला कोणी शिकवावा लागत नाही.

समजा, हातात बदामचा गुलाम आणि बदामची दश्शी आहे. फ्लॉपवर किलवरची राणी, बदामची नव्वी आणि बदामची तिर्री उघडली. अजून जोडीसुद्धा जमलेली नाही. पण चार बदाम झाले आहेत, आणि नव्वी-दश्शी-गुलाम-राणी अशी ओळही लागली आहे. उरलेल्या नऊ बदामांपैकी कोणताही आला तर कलर. चार राजे आणि चार अठ्ठ्यांपैकी कोणताही आला तर सिक्वेन्स. बदामचा राजा आणि बदामची अठ्ठी दोनदा मोजायची नाही. म्हणजे कामाचे पत्ते पंधरा.

न दिसलेले पत्ते 47. अजून दोन उघडायचे आहेत. त्यांत पंधरांपैकी किमान एक येण्याची शक्यता 54 टक्के निघते. समोरच्याकडे एक्का-राणी असेल, म्हणजे राणीची तयार जोडी असेल, तरी पारडे किंचित या अर्धवट हाताकडेच झुकते. नवख्याला हे पटत नाही. त्याला दिसते ते हातात काहीच नसणे.

नुसते चार बदाम असते तर कामाचे पत्ते नऊ आणि शक्यता 35 टक्के. मधलाच पत्ता हवा असलेल्या सिक्वेन्सला पत्ते चार, शक्यता जेमतेम साडेसोळा टक्के. खेळणारे तोंडी हिशेब करतात: दोन पत्ते यायचे असतील तर कामाचे पत्ते गुणिले चार, एकच यायचा असेल तर गुणिले दोन. नेमके उत्तर येत नाही, पण जवळचे येते. पंधरा पत्त्यांना मात्र हा गुणाकार साठ टक्के दाखवतो, तेव्हा थोडे खाली धरावे.

आता दुसरी बाजू, किंमत. मध्ये 300 चिंचोके जमले आहेत, टर्न उघडून झाला आहे, एकच पत्ता बाकी आहे आणि समोरच्याने आणखी 300 लावले. पुढे राहायचे तर 300 द्यावे लागतील. जिंकले तर मधले 600 मिळतील. आपले 300 धरून 900 होतात, म्हणून तीनांत एकदा तरी जिंकायला हवे, 33 टक्के. नऊ पत्त्यांच्या कलरच्या आशेला इथे 46 पत्त्यांत साडेएकोणीस टक्केच मिळतात. हा कॉल केला तर दर वेळी सरासरी 124 चिंचोके जातात. पंधरा पत्त्यांच्या ड्रॉला 32.6 टक्के, म्हणजे अगदी काठावर. समोरच्याने 300 ऐवजी 100 लावले असते तर 20 टक्के पुरले असते, आणि नऊ पत्त्यांचा हातही काठावर आला असता. हात चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. केवढ्याला मिळतो आहे, हे विचारावे लागते.

आणि आधी मध्ये टाकलेले चिंचोके? ते आता आपले नाहीत. सोयाबीनची पहिली पेरणी उलटली की दुबार पेरणी करावी की नाही, हे ठरवताना वाशिमचा शेतकरी हाच अवघड विचार करतो. मातीत गेलेले बियाणे परत येत नाही. आता लागणारा खर्च आणि आता उरलेला पावसाळा एवढेच हिशेबात धरायचे असते. शेतकऱ्याला हा हिशेब नाइलाजाने करावा लागतो. पत्त्यांच्या डावात तो न करता लोक ‘इतके घातले, आता कसे सोडू’ म्हणत बसतात.

पोकरच्या इतिहासातला एक गाजलेला डाव अशाच दुहेरी ड्रॉचा आहे. 2003 साली लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत 839 जण उतरले होते. टेनेसीचा ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट शंभर डॉलरहून कमी प्रवेशशुल्काच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून तिथे पोचला होता. शेवटच्या लढतीत त्याच्यासमोर मुरलेला व्यावसायिक सॅम फारहा होता. टर्नपर्यंत मनीमेकरकडे चार इस्पिक होते आणि छक्की ते नव्वी अशी ओळही होती. रिव्हरला काहीच लागले नाही. तरीही त्याने सगळे लावले. फारहाकडे नव्वीची जोडी होती, मनीमेकरकडे जोडीही नव्हती. पण फारहाने पत्ते टाकले. मनीमेकर ती स्पर्धा आणि 25 लाख डॉलर जिंकला.

हा डाव पाहून जगभरातल्या नवख्यांनी चुकीचा धडा घेतला. मनीमेकरचा ब्लफ, म्हणजे हातात काही नसताना मारलेली थाप, चालला, कारण समोर विचार करून पत्ते टाकू शकणारा माणूस होता. छोट्या रकमेच्या डावात तसा माणूस क्वचितच बसतो. तिथे कुतूहलापोटी कॉल होतो. मग हुकलेल्या ड्रॉवर मोठा ब्लफ म्हणजे चिंचोके वाटून टाकणे. उलट पंधरा पत्त्यांचा ड्रॉ फ्लॉपवरच जोरात खेळावा. वरच्याच उदाहरणात मध्ये 300 असताना आणि दोन पत्ते यायचे असताना 300 लावले आणि समोरच्याने नक्की कॉल केला, तरी 54 टक्के धरून सरासरी 186 चिंचोक्यांचा फायदा उरतो. त्याने पत्ते टाकले तर मधले 300 तसेच मिळतात. हीच चाल चार पत्त्यांच्या ड्रॉवर केली आणि कॉल आला, तर सरासरी दीडशेचा तोटा.

यालाही मर्यादा आहेत. छोट्या डावात कोणीही कोणतेही दोन एका रंगाचे पत्ते धरून बसतो, त्यामुळे लहान पत्त्यांचा कलर लागूनही एक्क्याच्या कलरपुढे हरण्याची वेळ येते. समोर तीन राण्या जमल्या असतील तर आपले पंधरा पत्तेही पन्नास टक्क्यांच्या खाली जातात.

कौशल्य की नशीब, हा वाद न्यायालयांतही बराच फिरला आहे. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्य आहे असे म्हटले आणि तीन पत्तीला नशिबाचा खेळ ठरवले. 2017 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगारच मानले. हिशेब येणाराही एका रात्रीत, एका महिन्यात हरतो. 54 टक्के शक्यता असली तरी शंभरांत 46 वेळा हरणे आलेच. उधार घेऊन बसलेल्या माणसाला सरासरी गाठण्याइतका वेळच मिळत नाही. म्हणून हे गणित पैशांवर करून पाहण्याचे नाही, याविषयी मनात शंका नसावी.

या गणिताचे मूळ शोधत परदेशी जायची गरज नाही. महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवरासाठी विदर्भाकडे निघतो. रथ हाकणारा बाहुक म्हणजे द्यूतात राज्य हरलेला नल. वाटेत बेहड्याचे झाड लागते. त्याच्या दोन फांद्यांवर 2,095 फळे आहेत, असे ऋतुपर्ण नुसते बघून सांगतो. नलाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजतो. आकडा बरोबर निघतो, आणि मग तो ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकून घेतो. बेहड्याची फळे त्या काळी फाशांसारखी वापरत, हेही इथे लक्षात घ्यावे.

नलासारखेच वाचकांनीही मोजून पाहावे. जोडातून बदामच्या गुलाम-दश्शीच्या उदाहरणातले पाच पत्ते बाजूला काढा, उरलेले 47 पिसा, दोन उघडा, नऊ बदाम, राजे आणि अठ्ठ्या यांतला एखादा आला का ते वहीत टिपा. घरातल्या मुलांना सोबत घेऊन हे दोनशे वेळा करा. निम्म्याहून थोड्या जास्त खुणा व्हायला हव्यात.