आभाळातला डाव आणि जमिनीवरचा बंदोबस्त

खासबागेत कुस्ती पाहिलेल्या कोल्हापूरकराला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. प्रेक्षक चारी बाजूंनी बसलेले असतात, आणि मल्ल कितीही जोराने आपटला तरी तो हौद्यातल्या मातीतच पडतो. आता असा एक आखाडा डोळ्यांपुढे आणा, की जो जमिनीवर नसून आभाळात आहे, एक हजार मीटर लांब आणि तितकाच रुंद आहे, आणि ज्यात उतरणारा गडी ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने फिरतो आहे. त्याचा डाव चुकला तर तो कोठे पडेल? विमानकसरतींची स्पर्धा भरविणाऱ्याने सर्वांत आधी सोडवावयाचा प्रश्न हाच होय. आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावर अशी स्पर्धा भरवावयाची झाल्यास काय काय करावे लागेल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विमान ही वस्तू आपल्या शहराला नवी नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, येथे विमानतळ झाला, आणि आज त्याला त्यांचेच नाव आहे. विमानकसरतींची विद्या त्याहूनही जुनी. १९१३ साली रशियन वैमानिक नेस्तेरोव्ह याने विमान उभ्या वर्तुळात फिरवून दाखविले, म्हणजे आज ज्याला लूप म्हणतात तो प्रथम घेतला. सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून त्याला आधी अटक झाली आणि मागाहून त्याचा गौरव झाला. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६० साली ब्रातिस्लाव्हा येथे भरली.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. १९९६ साली स्थापन झालेले आपल्या वायुदलाचे सूर्यकिरण पथक जे दाखविते ते प्रात्यक्षिक. त्यात कोणी हरत नाही, कोणी जिंकत नाही. स्पर्धेत मात्र एका वेळी एकच विमान आखाड्यात उतरते आणि खाली परीक्षक बसलेले असतात. प्रत्येक आकृतीला दहापैकी गुण मिळतात. रेषा वा कोन पाच अंशांनी चुकला की एक गुण गेला. आकृती जितकी अवघड तितका तिचा गुणक मोठा, आणि मिळालेल्या गुणांना त्या गुणकाने गुणावयाचे. परीक्षकाची नजर विमानावरून हटू नये म्हणून पुढची आकृती कोणती हे त्याच्याशेजारचा एक मदतनीस मोठ्याने सांगतो व दुसरा गुण लिहून घेतो. आकृत्या लिहिण्यासाठी आरेस्ती नावाच्या स्पॅनिश वैमानिकाने रेषांची एक चिन्हलिपी तयार केली. गवयाला जशी स्वरलिपी, तशी ही वैमानिकाला.

एक कार्यक्रम असा असतो, की तो स्पर्धकाच्या हाती आयत्या वेळी पडतो आणि आकाशात त्याचा सराव करण्यास मनाई असते. मग वैमानिक मंडळी विमानाशेजारी उभी राहून, डोळे मिटून, हातांनी विमान वळवीत पावले टाकू लागतात. पाहणाऱ्याला हसू येते, पण ती त्यांची तालीम असते. शिवाय वारा आहेच. वाऱ्याबरोबर विमान वाहत जाते, आणि तरीही जमिनीवरून पाहताना लूप वाटोळाच दिसला पाहिजे.

आता आपल्या गावाकडे वळू. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचावर आहे. उन्हाने हवा विरळ होते आणि विरळ हवेत इंजिनाचा व पंखांचा जोर घटतो. पारा ३५ अंशांवर असला, की उजळाईवाडीतले विमान जणू ४,८०० फूट उंचीवर असल्यासारखे वागते. वैमानिकाने हा हिशेब केला नाही, तर लूपच्या माथ्यावर त्याला वाटते त्यापेक्षा कमी उंची हाती लागेल. म्हणून वसंत ऋतू व्याख्यानांना उत्तम असला तरी या स्पर्धेला नव्हे. तिच्यासाठी डिसेंबर-जानेवारीतली सकाळ, धुके विरल्यानंतरची, हीच वेळ बरी.

दुसरी गोष्ट इंधनाची. येथे येणाऱ्या प्रवासी विमानांचे इंधन केरोसीनच्या जातीचे असते. कसरतीच्या लहान विमानांच्या इंजिनांना विमानाचे खास पेट्रोल लागते. ते बाहेरून आणावे लागेल आणि सुरक्षित ठेवावेही लागेल. प्रवासी विमानांच्या वेळा सोडून उरलेल्या वेळात आकाश मोकळे करून घ्यावे लागेल. त्याकरिता नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, विमानतळ प्राधिकरण, जिल्हाधिकारी व पोलीस या सर्वांची संमती हवी. हे सोपस्कार कंटाळवाणे वाटले, तरी त्यांतले बरेचसे कोठे तरी घडलेल्या अपघातातून जन्मलेले आहेत.

१९५२ साली इंग्लंडात फार्नबरो येथे एक विमान हवेतच फुटले, त्याचे तुकडे गर्दीत येऊन पडले आणि २९ प्रेक्षक प्राणास मुकले. तेव्हापासून विमानाने प्रेक्षकांच्या दिशेने झेप घेऊ नये, त्यांच्यापासून ठराविक अंतर राखावे, हे नियम कडक झाले. कुस्तीसारखे चारी बाजूंनी बसणे येथे चालत नाही. प्रेक्षक एकाच बाजूला हवेत. पुढे २०१५ साली, त्याच देशात शोरहॅम येथे, एका वैमानिकाने लूप घेतला. सुरुवातीचा वेग कमी पडला, माथ्यावर हवी तितकी उंची मिळाली नाही, तरी त्याने कसरत सोडली नाही. विमान शेजारच्या हमरस्त्यावर आदळून ११ माणसे गेली. ती सारी विमानतळाच्या कुंपणाबाहेरची होती.

हे वाचून आम्हांला पुणे-बंगळूर महामार्ग आठवतो. आपल्या विमानतळाला तो किती जवळ आहे हे सांगावयास नको. भोवती उजळाईवाडी, मुडशिंगी, तामगाव ही गावे आहेत, जवळच गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आहे. महामार्ग, घरे आणि कारखाने टाळून एक हजार मीटरचा चौरस कोठे बसतो, हे नकाशावर आखून पाहणे हे संयोजकांचे पहिले काम. वर्गणी, पाहुणे, ढाली हे सगळे नंतर. चौरस नीट बसत नसेल, तर उंचीची खालची मर्यादा वाढवावी. जागतिक दर्जाचे स्पर्धक शंभर मीटरांपर्यंत खाली येतात, पण नवख्यांना कितीतरी वर थांबविले जाते. आणि तेवढ्यानेही भागत नसेल, तर स्पर्धा दुसरीकडे न्यावी, यात कमीपणा नाही.

गर्दीचा धोका निराळाच. २०२४ च्या ऑक्टोबरात चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर वायुदलाची प्रात्यक्षिके निर्विघ्न पार पडली, पण खाली उन्हात व गर्दीत पाच जण दगावले. आकाशातले सर्व काही ठीक होते. जमिनीवर पाणी, सावली आणि परतीची वाट यांची उणीव होती. या बाबतीत आपल्याला परक्याकडून शिकावयास नको. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला लाखो भाविक डोंगर चढतात, आणि त्यांच्या पाण्याची, जेवणाची, वाहने लावण्याची सोय हजारो हात करतात. तो अनुभव आपल्या गाठीशी आहे.

शेवटी एकच सूचना. कुस्तीत पंचाने हात वर केला की डाव थांबतो. येथेही असा एक जाणता मनुष्य नेमावा, ज्याच्या एका शब्दावर विमान खाली उतरेल. पाहुणे आले आहेत, वेळ होत आहे, लोक टाळ्या वाजवीत आहेत, यांतले कोणतेही कारण त्याच्यापुढे चालू नये. ढग खाली आले, धावपट्टीवर घारी घिरट्या घालू लागल्या, कुंपणावरून माणसे आत शिरली, तर त्याने स्पर्धा थांबवावी आणि आपण प्रेक्षकांनी कुरकुर न करता घरी जावे. ज्या गावाला हे साधेल, त्या गावाने खुशाल आभाळात आखाडा मांडावा.