मल्चिंग पेपर ‘जैवविघटनशील’ आहे; पण कोठे?

टोमॅटो, मिरची, कलिंगड यांसारख्या पिकांत पॉलिथिनच्या मल्चिंग पेपरमुळे ओलावा टिकतो व तणांचा उपद्रव कमी होतो. मात्र हंगामाअखेर पातळ पेपर अखंड निघत नाही. त्याचे तुकडे मातीत साचतात. पॉलिथिनमधील कार्बनची सलग साखळी सूक्ष्मजीवांना सहजी तोडता येत नाही.

पदार्थवैज्ञानिकांनी यावर पर्याय म्हणून एस्टर बंध असलेले पॉलिमर विकसित केले. पाणी आणि सूक्ष्मजीवांची विकरे हे बंध तोडू शकतात. तथापि सर्वच पॉलिमर शेतात सारखे विघटित होत नाहीत. मका किंवा उसाच्या शर्करेपासून तयार होणारे ‘पीएलए’ सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या औद्योगिक कंपोस्टमध्ये काही महिन्यांत विघटित होते. शेतातील मातीत मात्र ते दीर्घकाळ टिकते. याउलट मुख्यतः खनिज तेलापासून बनणारे ‘पीबीएटी’ स्टार्चसह मिसळल्यास मातीच्या सामान्य तापमानातही विघटित होऊ शकते. म्हणजेच कच्चा माल वनस्पतिजन्य असणे हा विघटनाचा पुरावा नव्हे.

मल्चिंग पेपरसाठीच्या ‘ईएन १७०३३’ या युरोपीय मानकानुसार (२०१८) मातीत २ वर्षांच्या आत किमान ९० टक्के जैवविघटन होणे आवश्यक आहे. ‘कंपोस्टयोग्य’ हे प्रमाणपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी शिफारस करण्यापूर्वी विक्रेत्याकडे मातीतील चाचणीचा अहवाल मागावा. तो नसल्यास असा पेपर नांगरून मातीत गाडण्याचा सल्ला देऊ नये.