चकती फिरवली, तरी चेहरे काळेच!

देवळाली कॅम्पला सहल आली, की खंडोबाच्या टेकडीवर चढायचे आणि वर सगळ्यांचे एकत्र छायाचित्र काढायचे, हे ठरलेलेच. नंतर पाहावे, तर मागचे आकाश छान उठलेले आणि मुलांचे चेहरे मात्र काजळी फासल्यासारखे! मग कोणीतरी सांगतो, "कॅमेऱ्याची चकती चुकीच्या अक्षरावर होती." हा सल्ला बहुतेक वेळा निरुपयोगी असतो. का, ते पाहू.

आत किती प्रकाश घ्यायचा, म्हणजे एक्स्पोजर, हे दोन गोष्टींवर ठरते : शटर किती वेळ उघडे राहते आणि भिंगातले छिद्र केवढे आहे. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले, की 'एफ' अंक मिळतो. म्हणून अंक लहान, तर छिद्र मोठे. ५.६, ८, ११, १६ ही मालिका विचित्र वाटते ना? पण वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे आठवा. प्रत्येक अंक आधीच्याच्या सुमारे √२ पट आहे. त्यामुळे दर पायरीला प्रकाश निम्मा होतो.

भर उन्हात संवेदनक्षमता (आयएसओ) १०० असेल, तर एफ १६ आणि १/१२५ सेकंद साधारण जुळते. एफ ११ व १/२५०, किंवा एफ ८ व १/५००, यांनीही प्रकाश तितकाच मिळतो. मग फरक कशात? चंपाषष्ठीला उधळलेला भंडारा घ्या. १/५०० सेकंदात तो हवेत थबकल्यासारखा दिसेल, १/३० मध्ये त्याचा पिवळा फराटा होईल. पुढच्या रांगेपासून दूरच्या डोंगरापर्यंत सारे स्पष्ट हवे असेल, तर मात्र छिद्र लहान हवे.

चकतीवरची अक्षरे एवढीच वाटणी करतात. 'एस' वर वेळ तुम्ही ठरवता, छिद्र कॅमेरा. 'ए' वर याच्या उलट. 'पी' वर दोन्ही कॅमेरा आणि 'एम' वर दोन्ही तुम्ही. (काही कॅमेऱ्यांवर 'एस' ऐवजी 'टीव्ही' असते, दूरदर्शनशी त्याचा संबंध नाही!) आपल्याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, तेव्हा सारा कारभार 'एम' चाच होता. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा. हात मंदावला, की प्रत्येक चित्राला जास्त प्रकाश! सेलेनियमच्या प्रकाशघटाने स्वतः एक्स्पोजर ठरवणारा कोडॅकचा 'सुपर सिक्स-२०' १९३८ साली आला. या चारही पद्धती एकत्र देणारा कॅननचा 'ए-१' १९७८ सालचा.

आता मुख्य मुद्दा. 'पी', 'एस' आणि 'ए' या तिन्हींत एकूण प्रकाश ठरवतो तो एकच प्रकाशमापक. त्याला वस्तू कळत नाही, फक्त तिच्याकडून आलेला प्रकाश कळतो. समोरचे दृश्य सरासरीने करडे आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परावर्तित करते, असे तो गृहीत धरतो. शाळेत हा प्रयोग जरूर करा. एकाच उजेडात पांढरा कागद आणि काळे कापड यांची चौकट भरून, 'पी' वर, फ्लॅश बंद ठेवून दोन छायाचित्रे काढा. कागद मळकट येईल, कापड फिकट. दोन्ही जवळजवळ सारखेच करडे! मग 'ए' वर करून पाहा. काही बदलणार नाही.

टेकडीवर हेच घडते. चौकटीत उजळ आकाश जास्त. मापक त्याला करडे करू पाहतो आणि सावलीतले चेहरे बुडतात. हल्लीचे कॅमेरे चेहरा ओळखून हिशेब सुधारतात, पण नेहमीच नव्हे. उपाय अधिक-उणे खुणेच्या बटणात आहे. +१ म्हणजे प्रकाश दुप्पट, +२ म्हणजे चौपट. पांढऱ्या कागदासाठीही अधिक, काळ्या कापडासाठी उणे. मोबाइलमध्ये चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे तो बहुधा तिथला प्रकाश मोजेल.

अर्थात +२ केल्यावर आकाश पांढरेफटक होईल. ते टाळायचे, तर मुलांच्या तोंडावर ऊन येईल असे त्यांना उभे करा, नाहीतर दिवसाढवळ्याही फ्लॅश वापरा. मात्र उन्हात छोट्या फ्लॅशचा उजेड दोन-तीन मीटरपलीकडे फारसा उपयोगी पडत नाही. तेव्हा पूर्ण वर्गासाठी पहिला उपायच बरा.