उपजत ऱ्हस्वदृष्टी आणि डोळ्याची जपणूक

कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे बडोद्याच्या माणसास नवी नाहीत. त्याच नंदलालबाबूंचे एक शिष्य बिनोदबिहारी मुखर्जी यांचा जन्म १९०४ सालचा. त्यांना एका डोळ्याने दिसत नसे आणि दुसऱ्यास जन्मापासून तीव्र ऱ्हस्वदृष्टी होती. तशा स्थितीत त्यांनी शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांवरील विशाल भित्तिचित्र १९४७ साली पूर्ण केले. पुढे १९५६ च्या सुमारास मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसून उरलीसुरली दृष्टीही गेली. तरी कागद कातरून चित्रे करणे त्यांनी सोडले नाही. त्यांचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन यांनी आपल्या फाइन आर्ट्समध्ये अनेक वर्षे शिकविले. हे सारे थोरच. परंतु घरातल्या तान्ह्यास जाड भिंगे सांगितली म्हणजे आईबापांच्या मनात चित्रकला येत नाही, ‘याचे पुढे कसे व्हायचे’ हेच येते. म्हणून हा दोष आहे तरी काय ते पाहू.

प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो, नवजात अर्भकाचा सुमारे १७. ऱ्हस्वदृष्टीत नेत्रगोल बहुधा प्रमाणाबाहेर लांब असतो, आणि प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. प्रौढ डोळ्यात एका मिलिमीटरची वाढ म्हणजे जवळजवळ तीन नंबर. दहा नंबरच्या मुलास चष्म्याविना जेमतेम चार इंचांपर्यंतचेच स्पष्ट दिसते. त्याने दुसरे जग पाहिलेलेच नसते, मग ते तक्रार कशाची करणार? खेळणे नाकाशी धरणे, डोळे बारीक करणे, खोलीच्या पलीकडून हसले तरी न हसणे, डोळा तिरळा होणे, या खुणा घरच्यांनीच ओळखाव्यात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोळे तर आवर्जून तपासावेत. बाळाचे डोळे फार मोठे दिसत असतील, सारखे पाणी येत असेल व उजेड सोसत नसेल, तर तो काचबिंदूही असू शकतो. तेथे एक दिवसही दवडू नये.

‘एवढ्याशा पोराला चष्मा? लावला की नंबर वाढतो,’ असे आजीबाई म्हणतात. हा समज साफ चुकीचा आहे. मेंदूला पाहण्याचे शिक्षण पहिल्या सात-आठ वर्षांतच मिळते. त्या काळात स्पष्ट प्रतिमा मिळाली नाही, तर डोळा आळशी होतो आणि मागाहून उत्तम भिंग दिले तरी पुरते दिसत नाही. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल तर हा धोका विशेष. अशा वेळी चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी बांधतात. पोर रडते, पण पट्टी काढू नये.

खरी काळजी पडद्याची. फुगा ताणला म्हणजे त्याचे रबर पातळ होते, तसेच लांब डोळ्याचे दृष्टिपटल व त्याखालचा रक्तवाहिन्यांचा थर विरळ होतो. कडेला छिद्रे पडतात, आतला पारदर्शक गर लवकर पातळ होतो, मध्यभागी रक्तस्रावही होऊ शकतो. मोतीबिंदू लवकर येतो, काचबिंदूचा संभव वाढतो. छिद्रातून पाणी शिरले की पडदा सुटतो. लेसरने चष्मा उतरवितात हे खरे. परंतु त्याने पुढचे पारपटल तेवढे घासले जाते, नेत्रगोल आखूड होत नाही. लग्न ठरण्यापूर्वी मुलीचा चष्मा उतरविण्याची घाई आपल्याकडे फार. चष्मा गेला म्हणून तपासणी सोडली तर मात्र पस्तावण्याची पाळी येते.

बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची कड वर्षातून एकदा पाहून घ्यावी. छिद्र वेळीच सापडल्यास भोवती लेसरने डाग देऊन ते बंदिस्त करता येते. डोळ्यापुढे एकाएकी काळ्या ठिपक्यांचा थवा दिसला, वीज चमकल्यासारखे झाले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर सण, लग्न, परीक्षा काही न पाहता त्याच दिवशी सयाजी रुग्णालयाच्या नेत्रविभागात वा जवळच्या नेत्रवैद्याकडे जावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. पडदा सुटताना डोळा दुखतच नाही.